वारसा आणि वापर : प्रस्तावना

माणसाच्या शरीरात २०६ हाडं. त्यांतली १०६ हातापायांच्या टोकांना : एकेका हातात मनगटापासून बोटांपर्यंत २७, एकेका पावलात २६. निम्म्याहून जास्त हाडं अशी कडेला असली, तरी मानवाच्या उत्क्रांतीवरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कवटीच असते, आणि आतही बहुतेक पानं कवटी, जबडा नि दात यांच्याच वाट्याला येतात. त्याला सबळ कारण आहे. दातावरचं कवच हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ; लाखो वर्षं मातीत तो टिकतो. बोटांची पेरं आणि मनगटातली बारकी हाडं मात्र पहिल्या पुरात वाहून जातात, नाहीतर तरसाच्या पोटात. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत १९६० साली एक पाऊल सापडलं. ओएच ८ हा त्याचा नोंदक्रमांक. त्याची बोटं गायब आहेत, टाचेचा मागचा भाग गायब आहे आणि उरलेल्या हाडांवर मगरीच्या दातांच्या खुणा आहेत.

(आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातले जे प्रौढांचे सांगाडे निघाले, त्यांनाही घोट्याखाली हाडं नाहीत. तिथे मात्र ना मगर, ना तरस. पुरतानाच पावलं तोडलेली होती. मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. तो विषय या पुस्तकाचा नव्हे. इनामगावची माणसं जेमतेम तीन हजार वर्षांपूर्वीची आणि शरीराने अगदी तुमच्याआमच्यासारखी. पण पावलं नसलेला सांगाडा दिसला की ती कुणी नेली, हा प्रश्न आधी विचारायचा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.)

इतकी दुर्मीळ असूनही या हाडांच्या मागे लोक आयुष्य घालवतात, कारण कवटी जे सांगू शकत नाही ते ही सांगतात. कवटीवरून मेंदू केवढा होता ते कळतं, दातांवरून आहाराचा अंदाज येतो. तो प्राणी झाडावर झोपत असेल की जमिनीवर, दगड नुसता उचलून फेकत असेल की तासत असेल, दिवसभर चालत असेल की थोडं चालून बसकण मारत असेल, हे विचारायचं तर हातापायांनाच. अडचण अशी की ही हाडं एकाच वेळी दोन गोष्टी सांगतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. हाडाचा काही आकार पूर्वजांकडून आलेला असतो; तो मालकाने वापरला असो वा नसो. काही आकार त्या एका प्राण्याने जन्मभर काय केलं त्यातून घडलेला असतो. कुठला भाग वारशाचा आणि कुठला वापराचा, हा माझ्या मते या विषयातला मुख्य प्रश्न आहे. गेल्या साठ वर्षांतले बहुतेक वाद, आणि काही फजित्याही, त्यातूनच निघाल्या.

सुरुवात ओल्डुवाईपासूनच करावी लागते. त्या पावलाबरोबर त्याच वर्षी तिथे एका हाताची हाडं मिळाली. वाढ पुरी न झालेल्या एका मुलाची ती हाडं, जवळपास १८ लाख वर्षांपूर्वीची. लुई आणि मेरी लीकी यांचा मुलगा जोनाथन याने शोधलेली. आजूबाजूला त्याच थरात दगडाची ओबडधोबड हत्यारं होती. लीकींनी ही हाडं पाठवली लंडनच्या जॉन नेपियर यांच्याकडे. नेपियर यांनी १९५६ साली हाताच्या हालचालींवर एक लेख लिहिला होता, तो आजही वाचला जातो. माणसाचा हात वस्तू धरतो त्याचे त्यांनी मूळ दोनच प्रकार मानले : हातोड्याचा दांडा धरतो तशी मूठ, आणि सुई धरतो तशी चिमूट. एरवी हाताच्या असंख्य हालचाली मोजत बसावं लागलं असतं. त्याऐवजी आता एखाद्या हाडाला विचारता येऊ लागलं, की तुझी मूठ कशी होती आणि चिमूट जमत होती का?

ओल्डुवाईच्या हाताने दुहेरी उत्तर दिलं. बोटांच्या शेवटच्या पेरांची टोकं रुंद होती, म्हणजे वर चपटं नख आणि खाली मांसल गादी, माणसासारखी. मधली पेरं मात्र जाड, वाकडी, झाडाची फांदी घट्ट पकडण्याजोगी. १९६४ साली लीकी, फिलिप टोबायस आणि नेपियर यांनी या प्राण्याला होमो हॅबिलिस हे नाव दिलं. ‘हातांनी कुशल’ अशा अर्थाचं हे नाव रेमंड डार्ट यांनी सुचवलेलं. मेंदू लहान, तरी त्याला माणसांच्या कुळात घेतलं, आणि त्यामागे हाताचा व हत्यारांचा आधार मोठा होता.

इथे मला तेव्हाही आणि आताही एक गोष्ट खटकते. हत्यारं याच प्राण्याने केली हे ठरवलं त्याच्या हातावरून, आणि हात हत्यारांसाठीच घडला हे ठरवलं हत्यारांवरून. तो हात मिळाला त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, त्याच घळीत मेरी लीकींना भक्कम जबड्याच्या एका वेगळ्या प्राण्याची कवटी मिळाली होती आणि हत्यारांचं श्रेय काही काळ त्याला दिलं गेलं होतं. होमो हॅबिलिस येताच ते काढून घेतलं. पुढे ओल्डुवाईच्या त्या हातातली काही हाडं माकडाची असल्याचंही लक्षात आलं. रँडल ससमन यांनी १९८८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्सच्या अंगठ्यांवरून दाखवलं, की भक्कम जबड्याच्या पॅरान्थ्रोपसलाही चिमूट जमण्यासारखी होती. २०१५ मध्ये केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं जाहीर झाली. तेवढं जुनं होमोचं एकही हाड आपल्याकडे नाही. आता हत्यार दिसलं की ते आपल्याच कुळाचं, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. ‘जमण्यासारखं होतं’ आणि ‘करत होता’ यांत मोठं अंतर आहे. हे पुस्तक वाचताना वाचकाने ते पुन्हा पुन्हा तपासावं.

पावलांचा किस्सा वेगळा, आणि जास्त समाधानकारकही. वानराच्या पायाचा अंगठा आपल्या हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकतो, त्याने फांदी धरता येते. आपला अंगठा इतर बोटांच्या रांगेत येऊन बसला आहे. चालताना शेवटचा रेटा तोच देतो. आपली टाच मोठी आहे, कारण पाऊल टाकताना पहिला आघात ती झेलते. मधे कमान आहे, म्हणून मागची टाच उचलताना तळपाय मोडत नाही, एकसंध तरफेसारखा उठतो. अंगठा, टाच, कमान यांपैकी एक जरी हाड हाती लागलं तरी मालक कसा चालत होता याबद्दल काहीतरी बोलता येतं.

लाएतोलीला तर हाडांशिवायच बोलता आलं. टांझानियातल्या या ठिकाणी ज्वालामुखीची राख पडली, वर पाऊस झाला, आणि ओल्या राखेतून जे जे गेलं त्याच्या खुणा घट्ट झाल्या. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या तुकडीने तिथे दोन पायांवर चालणाऱ्यांची जवळपास २७ मीटर लांब माग उघडा केला, ३६.६ लाख वर्षांपूर्वीची. टाचेचा खोल ठसा, सरळ अंगठा. चार वर्षं आधी, १९७४ मध्ये, इथिओपियातल्या हादारला डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्यूसी’ मिळाली होती, ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग हाती लागला, पण पावलाचं म्हणाल तर घोट्याचं एक हाड आणि बोटांची थोडी पेरं, बस. हादारलाच पुढच्या वर्षी किमान १३ जणांची हाडं एका ठिकाणी मिळाली तेव्हा ल्यूसीच्या जातीचं पाऊल जुळवता आलं. तरी कमानीचा प्रश्न २०११ पर्यंत लोंबकळत राहिला. त्या वर्षी कॅरल वॉर्ड, विल्यम किंबल आणि जोहान्सन यांनी तळपायाचं एकच हाड पुढे ठेवलं, चौथ्या बोटामागचं. त्याची दोन टोकं एकमेकांच्या तुलनेत पिळलेली होती आणि जमिनीशी तिरकी होती. असं हाड सपाट तळपायात बसत नाही. बोटभर लांबीच्या एका हाडाने ल्यूसीच्या जातीला कमान दिली.

याच काळात तिथून जवळच दुसरं कुणी वेगळ्या पायांनी वावरत होतं. बुर्तेले या इथिओपियातल्याच ठिकाणी २००९ मध्ये पावलाची आठ हाडं निघाली, ३४ लाख वर्षांपूर्वीची, आणि त्यांतला अंगठा फाकणारा. चालण्याकडे जाणारा रस्ता एकच होता ही समजूत त्या आठ हाडांनी संपवली.

आता ‘लिटल फूट’ नावाचा सांगाडा. ही गोष्ट मी लांबवणार आहे, कारण या विषयातली माणसं कशी काम करतात ते तीत नेमकं दिसतं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ स्टर्कफाँटेनच्या गुहा आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चुनखडीसाठी सुरुंग लावले गेले आणि हाडांनी भरलेले खडक फुटून इतस्ततः पडले. त्यातली प्राण्यांची म्हणून वेगळी काढलेली हाडं पेट्यांत पडून होती. १९९४ मध्ये रोनाल्ड क्लार्क यांनी एक पेटी चाळली आणि त्यांच्या हाताला डाव्या पावलाची चार हाडं लागली. ती प्राण्याची नव्हती. घोट्यापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत ती एकमेकांत बसत होती. पुढच्या वर्षी क्लार्क आणि टोबायस यांनी ती प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये आणखी पेट्यांतून त्याच प्राण्याची आणखी हाडं मिळाली. त्यांत उजव्या नडगीचा खालचा तुकडा होता, वरच्या बाजूला मोडलेला. मोड ताजी होती, सुरुंगाने झालेली. म्हणजे उरलेली नडगी अजून गुहेच्या भिंतीतच असणार.

क्लार्क यांनी त्या तुकड्याचा साचा करून आपले सहकारी स्टीफन मोत्सुमी आणि न्कवाने मोलेफे यांच्या हाती दिला आणि जुळणारी मोड शोधायला सांगितलं. प्रचंड, काळोखी गुहा, हातात दिवे, आणि भिंतींतून डोकावणारी असंख्य हाडं. दुसऱ्या दिवशी त्यांना ती सापडली. साचा मोडीवर बसला. मागे खडकात जवळजवळ पूर्ण सांगाडा होता; तो सोडवायला वर्षानुवर्षं लागली आणि २०१७ च्या अखेरीस तो लोकांसमोर आला. वय सुमारे ३६.७ लाख वर्षं असल्याचा दावा आहे, तो सगळ्यांना मान्य नाही. अंगठा किती फाकत होता याबद्दल क्लार्क-टोबायस यांचं पहिलं वाचनही पुढे अनेकांनी नाकारलं. पण पेटीतली चार दुर्लक्षित हाडं पावलाच्या शास्त्राची जाण असलेल्या माणसाच्या हाती पडली नसती, तर तो सांगाडा अजूनही भिंतीत असता. जुन्या संग्रहालयांच्या कपाटांबद्दल मला उत्खननांइतकीच आशा वाटते ती यामुळे.

वारसा की वापर, हा वाद पेटला तो ल्यूसीच्या जातीच्या बोटांवरून. पावलं चालणाऱ्याची, हे सगळे मान्य करत. पण हातापायांची पेरं वाकडी होती. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकचे जॅक स्टर्न आणि ससमन यांनी १९८३ साली म्हटलं : वाकडी पेरं म्हणजे झाडावर चढणं चालू होतं. ओवेन लव्हजॉय आणि त्यांच्या मताचे लोक म्हणत : ती नुसती पूर्वजांकडून उरलेली. पुण्यातल्या जुन्या वाड्यात घोड्यांची पागा दिसते, म्हणून आजचे मालक घोड्यावरून फिरतात असं होत नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण हाड आणि वाडा यांत एक फरक आहे. वाडा बांधून झाला की तसाच राहतो. हाड जिवंत असेपर्यंत स्वतःला पुन्हा पुन्हा बांधत असतं. वाढत्या वयात वानराची पेरं वापराप्रमाणे कमी-जास्त वाकतात. ताण जिथे पडतो तिथे हाडाच्या आतली जाळी दाट होते, बाहेरची भिंत जाड होते, स्नायू चिकटतात तिथे कंगोरे उठतात. म्हणून वाद संपवायचा तर बाह्य आकार पुरे पडत नाही. हाडाच्या आत पाहावं लागतं.

आत पाहणं शक्य झालं ते सूक्ष्म क्ष-किरण चित्रणामुळे. २०१५ मध्ये ट्रेसी किवेल आणि सहकाऱ्यांनी स्टर्कफाँटेनच्या ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानसच्या तळहाताची हाडं अशी तपासली आणि आतल्या जाळीत माणसासारख्या जोरकस चिमटीचा ठसा दिसतो असं मांडलं. लगेच आक्षेपही आले. किवेल यांच्या बाजूने असूनही मला ते आक्षेप वाजवी वाटतात : जाळी हाताचे बारीक व्यवहार वेगळे दाखवत नाही, ती फक्त ताणाची बेरीज ठेवते. त्याच दक्षिण आफ्रिकेतल्या होमो नालेदीने प्रश्न आणखी बिकट केला. २०१३ मध्ये रायझिंग स्टार गुहेच्या अगदी आतल्या दालनातून निघालेल्या हाडांत सुमारे १५० हाताची आणि १०७ पावलाची आहेत. एवढी श्रीमंती या विषयाला क्वचितच मिळते. पाऊल बरंचसं आपलं. मनगट आणि अंगठा आपला. बोटं मात्र ल्यूसीच्या काळची वाटावीत इतकी वाकडी. आणि काळ? ३.३५ ते २.३६ लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या जातीच्या अगदी उंबरठ्यावरचा. २०२५ मध्ये पेरांच्या भिंतींची जाडी मोजून झालेल्या एका अभ्यासात सुचवलं गेलं, की नालेदी बोटांच्या टोकांनी कपारी पकडून चढत असावेत, आज गिर्यारोहक चढतात तसे. पटण्याजोगं आहे, पण मी तरी अजून ‘असावेत’वरच थांबतो.

वारसा आणि वापर यांच्या जोडीला तिसरी गोष्टही हाडात शिरते, ती म्हणजे आजार. फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे १९०८ साली एका निअँडरथल म्हाताऱ्याचा सांगाडा मिळाला. मार्सेलिन बूल यांनी १९११ ते १९१३ या काळात त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला वाकलेल्या गुडघ्यांचा, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालणारा, फाकलेल्या अंगठ्याचा अर्धवट वानर ठरवलं. जगभरच्या चित्रांत निअँडरथल तसाच कुबडा झाला. १९५७ साली स्ट्राउस आणि केव्ह यांनी सांगाडा पुन्हा पाहिला : म्हाताऱ्याला सांधेदुखी जडली होती, आणि अंगठा मुळात फाकलेला नव्हताच. शरीररचना शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण वर्गात सांगावं. मनगटाची आठ हाडं घोकून घेणाऱ्या परीक्षकांनी तर नक्कीच.

आजार बाजूला काढता आला की वापराचं वाचन किती बारीक होऊ शकतं याचा नमुना चीनमध्ये आहे. बीजिंगजवळच्या त्यानयुआन गुहेत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या माणसाची हाडं मिळाली. त्याच्या पायांची हाडं भक्कम, पण अंगठा सोडून इतर बोटांची पेरं नाजूक. एरिक ट्रिंकॉस यांनी त्याचा अर्थ लावला तो पादत्राणांचा. अनवाणी चालताना बोटं जमीन पकडतात. कडक तळ असला की त्यांचं काम घटतं आणि हाडं बारीक राहतात. चामड्याचा वा सालीचा तुकडाही न मिळता पादत्राण ‘सापडलं’. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो.

डेनिसोवा गुहेचा उल्लेख इथे ओझरताच करतो, कारण तिथे हाडाच्या आकाराऐवजी डीएनए बोलला. सायबेरियातल्या या गुहेत २००८ मध्ये मिळालेल्या करंगळीच्या टोकातून स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० साली एक अज्ञात मानवशाखा ओळखली. तिथल्याच पायाच्या एका पेराने निअँडरथल बाईचा जनुकसंच दिला, आणि तिचे आईवडील एकमेकांचे सावत्र भावंडांइतके जवळचे नातलग होते हेही सांगितलं. वागणुकीबद्दलचं हेही ज्ञानच, पण त्याची रीत वेगळी. या पुस्तकात त्याला एकच प्रकरण आहे.

भारताबद्दल मराठी वाचक विचारणारच. नर्मदेकाठी हाथनोरा इथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना कवटीचा मोठा भाग मिळाला, पुढे त्याच परिसरातून गळ्याजवळची हाडं आणि बरगडीही. त्यांत बोटाचं वा पावलाचं हाड नाही. उलट हत्यारांची आपल्याकडे रेलचेल. तमिळनाडूतल्या अतिरमपाक्कमची हत्यारं १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला जी परंपरा उजेडात आणली, तिथेच जवळ चिरकीला गुद्रून कोर्विनस यांनी हातकुऱ्हाडींचा मोठा साठा उत्खननातून काढला. म्हणजे ओल्डुवाईत जो प्रश्न होता त्याची इथे उलटी बाजू : तिथे हत्यारांवर दावा सांगणारे हात दोन, इथे एकही नाही. म्हणून शेवटच्या प्रकरणात मी चिरकीसारख्या हातकुऱ्हाडींवरून मागे जायचा प्रयत्न केला आहे. एवढ्या वजनाचा दगड डाव्या हातात फिरवत धरायला आणि उजव्याने नेमका घाव घालायला अंगठ्याचं मूळ केवढं रुंद लागेल, करंगळीच्या बाजूला किती जोर लागेल, याचे अंदाज आजच्या कारागिरांवर झालेल्या प्रयोगांतून मिळतात. त्यातले आकडे त्या प्रकरणात आहेत. घाई असलेल्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल, मात्र त्याआधी मूठ आणि चिमूट समजावणारं दुसरं प्रकरण चाळून घ्यावं.